आमच्याकडे तर चालतो, ताई

नाशिकची थंडी बाहेरगावच्यांना फार आवडते. मला मात्र डिसेंबरातल्या सकाळी शाल अंगावर ओढताना अजूनही आधी आठवतो तो संगणकाचा निळा पडदा. सपाट, एकसारखा निळा, त्यावर बारीक पांढरी इंग्रजी अक्षरं, आणि मागच्या खुर्चीत पत्रिकेचं प्रूफ बघायला येऊन बसलेला नवऱ्या मुलाचा मामा.

गोष्ट २००७ सालची. घराच्या पुढच्या खोलीत माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याचं, काम चालायचं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, अधूनमधून एखाद्या निवृत्त शिक्षकांचा स्वखर्चाने निघणारा कवितासंग्रह. संगणक २००४ मध्ये असेंबल करून घेतलेला. पेंटियम फोर, ५१२ एमबी रॅम, विंडोज एक्सपी. टेबलाखाली उभ्या असलेल्या त्या डब्याला आमच्याकडे सगळे सीपीयू म्हणत. खरा सीपीयू आत पंख्याखाली, काडेपेटीहूनही लहान असतो, हे सांगायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं. दर दसऱ्याला त्या डब्यावर कुंकवाचं स्वस्तिक निघायचं, झेंडूची माळ पडायची आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, वरून अक्षता टाकायचे. त्या अक्षता कुठे जात होत्या ते पुढे कळलं.

तुळशीचं लग्न लागलं की आमची सराई. नेमक्या त्याच दिवसांत हे दुखणं सुरू झालं. सकाळी बटण दाबायचं, पंखा फिरायचा, एक बीप व्हायची, एक्सपीचं चौरंगी चिन्ह आणि खाली पळणारी निळी पट्टी यायची. पट्टी दोन-तीन फेऱ्या मारायची आणि पडद्यावर निळा झटका, इतका क्षणाचा की शिंक आली तर हुकावा. लगेच पुन्हा बीप, पुन्हा पट्टी, पुन्हा झटका. तिसऱ्या-चौथ्या खेपेला काय व्हायचं देव जाणे, गडी सरळ डेस्कटॉपवर यायचा आणि मग दिवसभर साळसूदासारखा काम करायचा. रात्री बंद केला की दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

आमचा हार्डवेअरवाला म्हणजे बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा. एमएस-सीआयटीचे वर्ग घ्यायचा आणि उरलेल्या वेळात मोटारसायकलवरून घरोघरी संगणक दुरुस्त करत हिंडायचा. पोरगा कामसू, बोलायला गोड. पाठीवरच्या सॅकमध्ये सीडींचं पाकीट, चुंबकाच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर आणि शाळकरी मुलांचं पांढरं खोडरबर. हे खोडरबर म्हणजे आपल्याकडच्या संगणक दुरुस्तीतला आजीबाईचा बटवा. रॅम काढायची, तिच्या सोनेरी पट्ट्यांवर रबर घासायचं, फुंकर मारायची, परत खोचायची. हसण्यासारखं वाटतं, पण पट्ट्यांवर चढलेला मळ आणि गंज निघतो आणि पुष्कळदा खरंच काम होतं. आमच्याकडे झालं नाही.

“ताई, फॉरमॅट मारावा लागेल,” तो म्हणाला.

फॉरमॅट मारणं हे तीन शब्दांत सांगून मोकळं होण्याचं काम नव्हे, निदान मराठी डीटीपीवाल्यांसाठी तरी नव्हतं. आधी सगळ्या फायली सीडीवर घ्यायच्या. मग एक्सपी, मग प्रिंटरचा ड्रायव्हर, स्कॅनरचा ड्रायव्हर, पेजमेकर, कोरल. मग श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याच्या डोंगलचा ड्रायव्हर. मागच्या पोर्टला ते कुलूप लावलं नाही तर सॉफ्टवेअर चालायचंच नाही. मग फॉन्ट. तेव्हा आमच्या धंद्यात युनिकोड, म्हणजे सगळ्या फॉन्टांत सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत, कोणी वापरत नव्हतं. मजकूर ज्या फॉन्टात जुळवला तो फॉन्ट संगणकावर नसला की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी डॉलर, कंस आणि टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांची खिचडी दिसायची. म्हणून एकेक फॉन्ट आठवून आठवून टाकायचा. एक राहिलाच, तर तो नेमका छापायला जायच्या दिवशी आठवायचा.

तर त्याने फॉरमॅट मारला. दुपारी दोनला बसला, पाचला उठला. संगणक पाच-सहा वेळा बंद करून चालू करून दाखवला. एकदाही पडला नाही. मी साडेतीनशे रुपये दिले, चहा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला निळा झटका.

मग तो डबा उचलून दुकानात घेऊन गेला. दोन दिवस ठेवला. रॅम तपासणारा एक प्रोग्रॅम असतो, मेमटेस्ट नावाचा. विंडोज सुरू व्हायच्या आधीच तो स्मृतीच्या प्रत्येक कप्प्यात काहीतरी लिहितो आणि परत वाचून ताडून बघतो. तो त्याने रात्रभर लावून ठेवला. एकही चूक नाही. हार्ड डिस्क तपासली, ठणठणीत. तिसऱ्या दिवशी डबा परत आणून टेबलाखाली सरकवता सरकवता त्याने ते वाक्य म्हटलं, जे ऐकलं की गिऱ्हाइकाला आपणच खोटं बोलत होतो की काय असं वाटू लागतं: “आमच्याकडे तर चालतो, ताई.”

डॉक्टरच्या दारात दाढ दुखायची थांबते तसलंच हे. पण दाढेला निदान लाज वाटून ती पुन्हा आठवड्याने दुखते. आमचा डबा दुसऱ्याच सकाळी पडला.

अण्णा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. तीस वर्षं एका छापखान्यात खिळे जुळवण्यात गेलेली. उलटी अक्षरं सुलट वाचायची सवय डोळ्यांना इतकी लागलेली की आरशातून दिसणारी दुकानाची पाटीही सहज वाचायचे. संगणकाला हात लावत नसत, पण माझ्या कामाचं प्रूफ तेच वाचायचे, आणि लाल बॉलपेन हातात असलं की मग फक्त प्रूफच नव्हे, वाण्याची यादी, लाइटचं बिल, जे समोर येईल ते. तिसऱ्या फॉरमॅटची भाषा सुरू झाली तेव्हा ते म्हणाले, “तो पडतो तेव्हा काहीतरी लिहितो ना? काय लिहितो ते वाचलंस का तू?”

वाचणार कसं? डोळ्याचं पातं लवेपर्यंत गायब. त्या मुलाला विचारल्यावर कळलं की ती घाई विंडोजचीच. पडलं की आपोआप पुन्हा सुरू व्हायचं, असं मुळातच ठरवून दिलेलं असतं; माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन एका चौकटीतली बरोबरची खूण काढली की निळा पडदा जागेवर थांबतो. हे त्याला माहीत होतं. त्याने ते कधी केलं नव्हतं, कारण मजकूर वाचायची त्याला गरजच वाटली नव्हती. फॉरमॅट हे औषध ठरलेलं असलं की रोग्याचं कोण ऐकतो?

खूण काढली. दुसऱ्या सकाळी पडदा थांबला आणि आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि अण्णांनी, तो पहिल्यांदा नीट पाहिला. निळा रंग कोणी मन शांत राहावं म्हणून वगैरे निवडलेला नाही. विंडोज एनटीचा तो पडदा लिहिणाऱ्या जॉन व्हर्ट यांच्या समोरचं यंत्र आणि त्यांचा एडिटर दोन्ही निळ्यावर पांढरी अक्षरं दाखवायचे, म्हणून पडदाही तसाच झाला, इतकी साधी गोष्ट आहे. मजकुराचा सूर मात्र अस्सल सरकारी. अडचण आढळली आहे, आपल्या संगणकाचं नुकसान होऊ नये म्हणून विंडोज बंद करण्यात आलं आहे. हा पडदा आपण पहिल्यांदाच पाहत असाल तर संगणक पुन्हा सुरू करा. पुन्हा दिसल्यास नवीन जोडलेलं हार्डवेअर वा सॉफ्टवेअर तपासा. मी तो तोवर चाळीसेक वेळा पाहिला असेल, त्याचं आपलं ‘पहिल्यांदाच पाहत असाल तर’ चालूच. आणि अगदी खाली, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, शून्य आणि एक्सने सुरू होणारा एक लांबलचक आकडा.

अण्णांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांची वही शिवली आणि मी रोज लिहू लागले. आकड्याची फक्त शेवटची दोन अक्षरं, कारण बाकी सगळी शून्यंच.

‘१० डिसें. स. ८.४०. निळी स्क्रिन. ४ई. पीएफएन लिस्ट करप्ट. तिसऱ्यांदा चालू.’

‘११ डिसें. स. ८.५५. निळी स्क्रिन. ५०. पेज फॉल्ट. लगेच पुन्हा निळी स्क्रिन, ०ए. चौथ्यांदा चालू.’

‘१२ डिसें. स. ८.३०. निळी स्क्रिन. ८ई. खाली डिस्प्लेच्या फाइलचं नाव.’

‘१३ डिसें. ७एफ. खाली काहीच नाव नाही.’

मी ही यादी फोनवरून त्या मुलाला वाचून दाखवायचे आणि तो रोज नवा आरोपी पकडायचा. डिस्प्लेच्या फाइलचं नाव आलं, डिस्प्लेचा ड्रायव्हर बदल. दुसऱ्या दिवशी हार्ड डिस्क सांभाळणाऱ्या फाइलचं नाव आलं, म्हणजे डिस्क जाणार, नवीन घ्या. मग अँटिव्हायरस काढा. त्याचं फारसं चुकत नव्हतं, पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं. तो फक्त रोजचा मजकूर रोज वाचत होता.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगते, जी मला तेव्हा ठाऊक असती तर पुष्कळ पैसे वाचले असते. संगणक ‘पडतो’ असं आपण म्हणतो. खरं तर तो थांबतो. विंडोजचा जो गाभा असतो तो काम करताना आपल्या नोंदी सतत ताडून बघत असतो. एखादी नोंद अशी सापडली की जी असूच शकत नाही, तर पुढे जाऊन डिस्कवर काही भलतंसलतं लिहून ठेवण्यापेक्षा तो जागच्या जागी हात वर करतो. पडद्यावर नाव येतं ते त्या क्षणी ज्याच्या हातात बिघडलेली नोंद सापडली त्याचं. ती बिघडवली कोणी, कधी, याचा त्याला पत्ता नसतो. रस्त्यावर प्रेत दिसलं आणि पंचनाम्यात पहिलं नाव दूधवाल्याचं लागलं, कारण पहाटे तोच तिथून गेला, तसं ते आहे. रोज वेगळ्या दूधवाल्याला चौकीत बसवून उपयोग काय?

हे अण्णांनी त्यांच्या पद्धतीने सांगितलं. वही चाळता चाळता म्हणाले, “ही सगळी वेगवेगळी नावं आहेत.”

“हो ना, रोज काहीतरी नवीनच काढतो.”

“तसं नव्हे. छापखान्यात हजार प्रती निघाल्या आणि हजारही प्रतींत ‘चिरंजीव’चा ‘चिरजीव’ झालेला असला, तर चूक जुळणीत. माझी. पण एका प्रतीत इथे अक्षर उडालंय, दुसरीत तिथे शाई फाकलीय, तिसरीत ओळ तिरकी, तर जुळणी कितीदा सोडून परत बांधली तरी काय होणार? चूक ट्रेडलवर, छपाईच्या यंत्रावर आहे. तुझा तो पोरगा दोनदा जुळणी सोडून बसला.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. फॉरमॅट म्हणजे जुळणी सोडणं, हे मला सुचलं नव्हतं.

त्यांनी अजून एक गोष्ट वहीत पाहिली होती. त्या वर्षांत आमच्याकडे भारनियमन जोरात होतं. दुपारी दोन-तीन तास लाइट जायची आणि यूपीएस पंधरा मिनिटांत मान टाकायचा. लाइट आल्यावर मी पुन्हा संगणक लावायचे. ‘दु. ३.१०. लाइट आली. चालू.’ अशा पाच-सात नोंदी होत्या आणि त्यातल्या एकाही नोंदीपुढे निळी स्क्रिन नव्हती. शिवाय एका सकाळी, आभाळ आलं होतं आणि थंडी पळाली होती त्या दिवशी, पहिल्या झटक्यात चालू. “हा दमेकऱ्यासारखा आहे,” अण्णा म्हणाले. “थंडीत धाप लागते, अंग तापलं की चालतो.”

दुकानात तो का चालायचा आणि मेमटेस्ट का पास झाला, याचं उत्तर त्यात होतं. डबा नेहमी दुपारी तिकडे जायचा.

आमच्या गल्लीच्या टोकाला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान चालवणारे काका साठीचे, तोंडात कायम लवंग. त्यांनी संगणक कधी उघडला नव्हता, पण अण्णांनी ‘गार असताना बंद, गरम झाल्यावर चालू’ एवढं सांगताच त्यांनी सोल्डरिंगची गन खाली ठेवली. “डबा उघडा, कपॅसिटर बघतो.”

डाव्या बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं. आत धुळीचा गालिचा, आणि तळाशी, एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या पेटीच्या, खालच्या कोपऱ्यात, कुंकवाचा रंग चढलेल्या तीन वर्षांच्या अक्षता. काका काही बोलले नाहीत, अण्णांनी घसा खाकरला. मग काकांनी पेन्सिलीच्या टोकाने प्रोसेसरच्या पंख्याशेजारची रांग दाखवली. करंगळीच्या पेराएवढे उभे नळकांडे, डोक्यावर फुलीसारखी चीर पाडलेले. चांगल्या कपॅसिटरचं डोकं नाण्यासारखं सपाट असतं. यातल्या पाचांची डोकी टोपीसारखी फुगून आली होती आणि एकाच्या चिरेतून काकवीच्या रंगाचा वाळलेला थेंब बाहेर आला होता. सातवा बरा दिसत होता, काका म्हणाले तोही जाणार. तीन वर्षं हे आमच्या पायाशी, एका पत्र्याआड होतं.

ही एकट्या आमच्या मदरबोर्डाची करणी नव्हती. साधारण १९९९ पासून पुढे सात-आठ वर्षं जगभर असले कपॅसिटर बाजारात आले. ॲल्युमिनियमच्या डबीत जो पाणीदार द्राव असतो त्याचं मिश्रण सदोष होतं. तो ॲल्युमिनियमला खायचा, आत वायू साठायचा आणि डोकं फुगायचं. ती फुलीसारखी चीर त्यासाठीच ठेवलेली असते, डबी फटाक्यासारखी फुटू नये म्हणून. प्रोसेसरला लागतात दीडेक व्होल्ट, एसएमपीएसकडून येतात बारा. बाराचे दीड करताना वीज खालीवर हेलकावे खाते आणि ते हेलकावे पोटात घेऊन सपाट करण्याचं काम ह्या नळकांड्यांचं. द्राव आटला की ते जमत नाही, आणि द्राव गार असला की अजूनच जमत नाही. मग एखाद्या क्षणी वीज जराशी डळमळते, लाखो शून्य-एकांमधलं एखादं उलटं पडतं, आणि ते कुठे पडेल त्यावर त्या दिवशीचं नाव ठरतं. चार-पाच मिनिटं वीज खेळली, बोर्ड कोमट झाला, की सगळं सुरळीत. माझी तिसरी-चौथी खेप म्हणजे दुसरं काही नसून बोर्डाचा शेक होता.

काकांनी लगेच हात घातला नाही. “उद्या सकाळी खात्री करू. घरात केस वाळवायचं मशीन आहे?”

आमच्याकडे कुठलं? शेजारी पार्लर चालवणाऱ्या वहिनी होत्या, त्यांच्याकडे रात्रीच मागायला गेले. “आत्ता? कोणाचे केस?” त्यांनी विचारलं. कसं सांगायचं ते सुचेना, म्हटलं सीपीयूचे. त्यांनी माझ्याकडे एकदा बघून ड्रायर दिला, वर “जपून हं, नवीन आहे” असंही म्हणाल्या.

सकाळी साडेआठ. बाहेर दूधवाल्याच्या तोंडातून वाफ निघत होती. काका मफलर गुंडाळून आले. उघड्या डब्यासमोर मी उकिडवी बसले आणि वीतभर अंतरावरून त्या रांगेवर गरम वारा सोडला, काकांच्या घड्याळाने पाच मिनिटं. धूळ जळल्याचा वास सुटला, त्यात पार्लरच्या कसल्याशा तेलाचा. अण्णा दारात उभे, हातात वही. ड्रायर बंद केला, बटण दाबलं. बीप. पट्टी. एक फेरी, दोन, तीन, सात. डेस्कटॉप. अख्ख्या डिसेंबरात, ती आभाळाची सकाळ सोडली तर, पहिल्यांदाच एका दमात.

काकांनी सातही कपॅसिटर बदलले. ८५ अंशांचे नको, १०५ अंशांचेच हवेत, असं दुकानदाराला ठणकावून सांगून आणले. डबीवर तो आकडा छापलेला असतो हे मला तेव्हा कळलं. मजुरीसकट दीडशे रुपये घेतले. जुने सात त्यांनी कागदात बांधून माझ्या हातावर ठेवले, ऑपरेशननंतर मुतखडा दाखवतात तसे. त्या हार्डवेअरवाल्या मुलाला मी संध्याकाळी बोलावलं. वाटलं होतं त्याला राग येईल. तो मांडी घालून बसला आणि अर्धा तास ते फुगलेले डोळ्यांजवळ धरून बघत राहिला. पुढे त्याच्या सॅकमध्ये खोडरबराच्या जोडीला एक छोटा ड्रायर आला, आणि ‘फॉरमॅट मारू’ म्हणायच्या आधी तो गिऱ्हाइकाला विचारू लागला: रोज तेच येतं, की वेगळं?

हा एक प्रश्न मी तेव्हापासून सोडलेला नाही. उलटा अनुभवही लगेच आला. पुढच्याच वर्षी पेनड्राइव्हवरच्या व्हायरसांचा सुळसुळाट झाला. डीटीपीवाले म्हणजे त्या रोगाचे सार्वजनिक पाणवठे. दिवसाला दहा गिऱ्हाइकं दहा पेनड्राइव्ह खोचायची. अँटिव्हायरसने व्हायरस मारला, पण त्यानंतर रोज सकाळी डेस्कटॉप आल्याबरोबर एक छोटी चौकट, अमुक मॉड्यूल सापडलं नाही. रोज तीच चौकट, तेच नाव, स्वल्पविरामाचाही फरक नाही. अण्णांच्या नियमाने बघितलं तर ही जुळणीतली चूक, ट्रेडलकडे बघायचं कारण नाही. आणि होतंही तसंच. विंडोज सुरू होताना कोणाकोणाला उठवायचं याचा एक हजेरीपट असतो. व्हायरस गेला, हजेरीपटावर त्याचं नाव राहिलं, आणि मास्तर रोज सकाळी मेलेल्या मुलाचं नाव पुकारत होते. स्टार्ट, रन, एमएसकॉन्फिग, त्या नावापुढची खूण काढली, झालं. दोन मिनिटं. ह्यासाठीही लोक फॉरमॅट मारून घेत.

आणि मग १९ जुलै २०२४, शुक्रवार. अण्णा तोवर नव्हते. माझी भाची हिंजवडीत एका कंपनीत संगणक सांभाळते. दुपारी तिचा फोन, आवाज बसलेला. “मावशी, अख्खा मजला निळा आहे.” सकाळी पावणेदहाच्या आत-बाहेर सगळे लॅपटॉप एकामागून एक पडले आणि चालू केले की पुन्हा पडत होते. तिकडे टीव्हीवर विमानतळांवरच्या रांगा आणि हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दाखवत होते. मी विचारलं, सगळीकडे तेच येतंय का? ती म्हणाली, अगदी तेच, आणि खाली फाइलचं नावही तेच.

हजार प्रतींत ‘चिरजीव’. प्रती हजार नव्हत्या, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख होत्या. क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा कंपनीने आपल्या वेळेप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक फाइल सगळ्यांकडे पाठवली आणि ७८ मिनिटांनी मागे घेतली. पुढे कंपनीने स्वतःच कारण छापलं, ते वाचताना मला हसावं की रडावं कळेना. नियमांच्या साच्यात रकाने होते २१, आणि प्रोग्रॅम माहिती पुरवत होता २० रकान्यांची. एकविसावा वाचायला गेला तो हद्दीबाहेर. जुळाऱ्याचीच चूक, रकाने मोजले नाहीत. पण हा प्रोग्रॅम विंडोजच्या गाभ्यात बसणारा आणि संगणक सुरू होताना अगदी आधी जागा होणारा. त्यामुळे दुरुस्तीची फाइल इंटरनेटवरून खाली उतरेपर्यंत यंत्र पुन्हा आडवं. म्हणून माणसाने प्रत्येक यंत्रापाशी स्वतः जायचं, सेफ मोडमध्ये उठवायचं, ती एक फाइल खोडायची. डिस्कला कुलूप असेल तर आधी ४८ आकडी किल्ली टाकायची. क्लाउडवरच्या काही यंत्रांना तर मायक्रोसॉफ्टने सांगितलेला उपाय होता, बंद-चालू करत राहा, पंधरा वेळांपर्यंत. हे भाचीने सांगितलं तेव्हा मला माझी तिसरी-चौथी खेप आठवली आणि उगाच जवळीक वाटली. तिने रात्री अकरापर्यंत दोनशेच्या वर लॅपटॉप हाताने उठवले.

आता तर तो पडदा निळाही राहिला नाही. २०२५ मध्ये विंडोज ११ ने त्याचा रंग काळा केला आणि त्यावर मधल्या काळात आलेला रडका चेहराही काढला. मजकूर अजूनच कमी. थांबलेल्या फाइलचं नाव आणि कोड मात्र ठेवलाय, तेवढं बरं केलं.

तो डबा २०१३ पर्यंत चालला, शेवटची दोन वर्षं नुसती जुन्या श्रीलिपीच्या फायली उघडायला. गेल्या दिवाळीत कपाट आवरताना काकांची कागदाची पुडी सापडली, सात कपॅसिटर, आणि तिच्याखाली ती वही. काकवीच्या रंगाचा थेंब आता काळा पडलाय. वही चाळली. माझ्या निळ्या अक्षरांवर अण्णांचं लाल बॉलपेन फिरलेलं होतं, जे मी तेव्हा पाहिलंच नव्हतं. सगळ्या पानांवर मी ‘स्क्रिन’ लिहिलेलं, पहिली वेलांटी. १० डिसेंबरच्या नोंदीत त्यांनी ती दीर्घ करून ठेवली होती. पुढच्या चाळीसेक ठिकाणांना हात लावला नव्हता. समासात एकच शब्द लिहून खाली रेघ ओढली होती: ‘सर्वत्र’.